अल्बम सांगताना मिनिट सांगा

मंडळी, आज आपण एकमेकांना जॅझचे अल्बम सुचवायला बसलो आहोत. सुचवण्याची आपली नेहमीची रीत अशी, की "फार भारी आहे, ऐकून पाहा" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. समोरचा घरी जातो, जेवण झाल्यावर मोबाइलवर लावतो, चार मिनिटं ऐकतो आणि बंद करतो. दोष त्याचा नसतो. कान कुठे ठेवायचा हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून माझं मागणं एकच आहे: अल्बमबरोबर मिनिट सांगा. कितव्या मिनिटाला, कोणाचं वाद्य, आणि तिथं नेमकं काय घडतं.

आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात भजनी मंडळाची पेटी आहे. जॅझमधला सर्वांत नावाजलेला अल्बम, माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू', त्या पेटीवर उलगडून दाखवता येतो. पांढरी दोनला सा धरा. तिथून वरच्या पांढरी दोनपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत जा, काळीला बोट लावू नका. सा, रे, मग कोमल ग, म, प, शुद्ध ध, कोमल नी. हा आपला काफी थाट झाला. आता सा एक पट्टी वर सरकवून काळी दोनवर न्या आणि तोच काफी वाजवा. या वेळी पाचही काळ्या लागतील, पांढऱ्या मात्र दोनच, एक आणि चार. 'सो व्हॉट' ही अल्बममधली पहिली रचना एवढ्या दोन सप्तकांवर उभी आहे. त्या काळच्या जॅझमध्ये दर दोन-चार मात्रांना कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा संच, बदलत आणि वादकाला त्यामागे पळावं लागे. डेव्हिस यांनी ती पळापळ थांबवली. एकाच सप्तकात भरपूर वेळ राहायचं आणि सुरांचा विचार करत वाढवत न्यायचं. राग ऐकणाऱ्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही.

आता मोजणी. या रचनेचा एक फेरा 128 मात्रांचा आहे, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं. पहिली चार आवर्तनं पांढरी दोनच्या काफीत, पाचवं-सहावं काळी दोनच्या काफीत, सातवं-आठवं परत पांढरी दोनला. ठेका तीनतालाचा नाही, खाली-भरी शोधू नका. मात्रा मात्र तंतोतंत बसतात. एका फेऱ्याला मिनिटभराला थोडा कमी वेळ लागतो. सुरुवातीला पियानो आणि बास (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) थोडा वेळ तालाशिवाय फिरतात, मग बास सवाल टाकतो आणि दोन कॉर्डमध्ये जवाब येतो. पहिल्या दोन आवर्तनांत जवाब पियानोचा, पुढे त्यात ट्रम्पेट आणि दोन्ही सॅक्सोफोन मिसळतात. खडी गंमत, म्हणजे विदर्भातला तमाशासारखा खेळ, पाहणाऱ्याला सवाल-जवाब शिकवावा लागत नाही, आणि भजनात झील धरणाऱ्यालाही नाही. साधारण दीड मिनिटाला ड्रमवाले जिमी कॉब झांजेवर एक जोरदार ठोका मारतात आणि त्याच क्षणी डेव्हिस यांचा ट्रम्पेट सुरू होतो. हे मिनिट सांगा. डेव्हिस दोन फेरे घेतात, मग सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, मग दुसऱ्या सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली दोन. डेव्हिस कमी सूर लावतात आणि मधे जागा सोडतात, कोल्ट्रेन जागा भरत सुटतात, ॲडर्ली लाडिक, गोल सुरात बोलतात. तोच काफी, तेवढेच फेरे, आणि तीन स्वभाव. नवख्या माणसाला सॅक्सोफोन कोणाचा हे इथं पहिल्यांदा ओळखू येतं.

पेटीबरोबर वाजवताना एक अडचण येऊ शकते. अल्बमचं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला 1959 मध्ये दोन दिवस झालं, 2 मार्च आणि 22 एप्रिल. पहिल्या दिवशी टेप यंत्र जरा हळू फिरत होतं, त्यामुळे त्या दिवशीच्या तीन रचना तबकडीवर किंचित चढ्या सुरात आल्या. 1992 च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. कोणाकडे जुनी तबकडी असेल आणि पेटी जुळत नसेल, तर पेटी दुरुस्तीला नेऊ नका.

आता ज्यानं सगळं बिघडतं त्याबद्दल, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. 'सो व्हॉट'मधला सवाल बासचा आहे. माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या त्या तंतुवाद्याचा सर्वांत खालचा सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलच्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नाही, आणि मंदिरावरच्या भोंग्याचीही तीच गत. म्हणजे सवाल गायब होतो आणि लोक नुसता जवाब ऐकत बसतात. मग म्हणतात, यात चाल कुठे आहे? भोंग्यावर जॅझ लावू नका. लाकडी खोक्याचे दोन स्पीकर आणा. उलट टोकाची चूक लग्नाच्या डीजेची: बास इतका वाढवलेला असतो की सगळे सूर मिळून एकच घुमारा होतो. परीक्षा सोपी आहे. 'सो व्हॉट' लावा आणि बासची ओळ तोंडानं गुणगुणून पाहा. गुणगुणता आली, तर सिस्टीम ठीक. नुसती छाती हादरली, तर बासचं बटण मध्यावर आणा. भजनाच्या ॲम्प्लिफायरवर एको नेहमी चालू असतो, तो शून्यावर न्या.

दुसरी गफलत वायरीची. त्या काळातल्या स्टिरिओ मुद्रणात वाद्यं डावी-उजवीकडे दूर दूर ठेवलेली असत, 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये दोन सॅक्सोफोन दोन बाजूंना आहेत. एकच वायर जोडली, तर त्यातला एक वादक जवळपास दिसेनासा होतो. पिनवर दोन काळ्या रेघा असतील तर ती स्टिरिओ, एकच असेल तर मोनो. दोन रेघांची घ्या आणि दोन्ही टोकं दोन वेगळ्या चॅनेलना लावा. लॅपटॉपचा चार्जर जोडलेला असताना घूं असा आवाज येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आपल्या विजेची घरघर 50 हर्ट्झची, आणि बासचे खालचे सूर नेमके त्याच पट्ट्यात, म्हणून ती घरघर बासलाच आधी खाते.

टिनाचं छप्पर आणि उघड्या भिंती असलेल्या सभागृहात झांजेचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. खाली सतरंज्या, मागच्या भिंतीला गाद्या किंवा गोणपाट लावा. भाव वाढायची वाट पाहत ज्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो, तिच्याइतकी चांगली ऐकायची जागा गावात दुसरी नाही, कापूस प्रतिध्वनी गिळून टाकतो. फक्त ॲम्प्लिफायर आणि विजेची जोडणी बाहेर ओसरीत ठेवा, एका ठिणगीत वर्षाचं पीक जाईल. आणि फाइल आधी उतरवून आणा. 320 केबीपीएस दर्जाचा 45 मिनिटांचा अल्बम साधारण 110 एमबी होतो. अगदी हलक्या दर्जाची फाइल घेतली, तर झांजेचा आवाज पाणी सळसळल्यासारखा होतो, आणि जॅझची लय तर त्या झांजेवरच चालते: टिंग, टिंग-टि टिंग.

ज्यांच्याकडे मोबाइलशिवाय काही नाही, त्यांना बासवर उभे असलेले अल्बम देऊ नका. त्यांना लुई आर्मस्ट्राँग यांचं 1928 चं 'वेस्ट एंड ब्लूज' द्या. तीन मिनिटांचा मामला, आणि सुरुवातीलाच एकट्या ट्रम्पेटची तान, साथीला कोणी नाही. ती छोट्या स्पीकरमधूनही नीट पोचते. किंवा 1956 चा 'एला अँड लुई', त्यात एला फिट्झजेराल्ड आणि आर्मस्ट्राँग गातात, मागे ऑस्कर पीटरसन यांचा पियानो आहे. ट्रम्पेट आपल्या कानाला नवा नाही. सी. रामचंद्र यांचं संगीत असलेल्या 1951 च्या 'अलबेला' चित्रपटात गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार पडद्यावर दिसतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जॅझकडे आणायचं असेल, तर तिथून आणा.

पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांच्या 'टाइम आउट' या अल्बमबद्दल एवढंच, की 'टेक फाइव्ह' पाच मात्रांचं आहे, तीन अधिक दोन. आपले लोक सवयीनं चार-चारची टाळी धरतात. दर आवर्तनाला एक मात्रा घसरते आणि वीस मात्रांनी पुन्हा सम जुळल्यासारखी वाटते, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. 'एक-दोन-तीन, एक-दोन' असं तोंडानं म्हणा. मधे जो मोरेलो ड्रमवर मोकळे सुटतात, तेव्हाही पियानो तेच पाच वाजवत राहतो, त्याला धरून ठेवा. ज्याला हे जमलं त्यानं 'ब्लू राँडो आ ला तुर्क' घ्यावं: नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन असं तीनदा, मग एकदा तीन-तीन-तीन. तबलजी असाल, तर दिवस सार्थकी लागेल.

जॉन कोल्ट्रेन यांचा 'अ लव्ह सुप्रीम' मात्र घाईनं सांगू नये. 9 डिसेंबर 1964 ला मुद्रित झालेला हा अल्बम म्हणजे ईश्वराला वाहिलेली चार भागांची प्रार्थना आहे. ज्या मुलखात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी घुमली, तिथं याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पहिल्या भागात घंटेनंतर बास चार सूर धरतो: सा, कोमल ग, सा, म. पेटीवर वाजवा, लहान पोरालाही येतील. पाचव्या मिनिटाच्या आसपास कोल्ट्रेन हेच चार सूर एकेका नव्या पट्टीवरून वाजवू लागतात आणि बाराही पट्ट्या फिरून येतात. ऐकणारा म्हणतो, हे बेसूर झालं. त्याला आधीच सांगा, की देव सगळ्या घरांत आहे असं जणू ते दाखवताहेत. मग सहाव्या मिनिटानंतर त्याच चार सुरांवर माणसाच्या आवाजात अल्बमचं नाव जपासारखं येतं. शेवटच्या भागात ताल नाही. वेष्टनावर कोल्ट्रेन यांनी लिहिलेली प्रार्थना छापली आहे आणि ते सॅक्सोफोनवर तीच शब्दाशब्दानं म्हणतात. प्रार्थना समोर ठेवून ओळीवर बोट फिरवत ऐका. शब्द आणि सूर एकत्र चालताना दिसतील.

पुढचा अल्बम शोधायचा कसा? मुख्य नावाच्या मागे जाऊ नका, साथीदाराचं बोट धरा. ॲडर्ली आवडले, तर त्यांचा 1958 चा 'समथिंग एल्स' घ्या, तिथं डेव्हिस त्यांच्या साथीला बसले आहेत. 'काइंड ऑफ ब्लू'चे पियानोवाले बिल एव्हन्स आवडले, तर 25 जून 1961 ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये मुद्रित झालेला 'वॉल्ट्झ फॉर डेबी' घ्या. मागे पेले किणकिणताना ऐकू येतात आणि स्कॉट लाफारो यांचा बास पियानोशी बरोबरीनं बोलतो. पुढच्या अकरा दिवसांत लाफारो मोटार अपघातात गेले, वय अवघं 25. तंबोऱ्याची ओढ असणाऱ्यांनी ॲलिस कोल्ट्रेन यांचा 1971 चा 'जर्नी इन सच्चिदानंद' ऐकावा, बहुतेक रचनांत हार्प या तारांच्या वाद्याच्या मागे तंबोरा चालू आहे. ॲपवर साथीदारांची नावं बहुतेक वेळा दिसत नाहीत, म्हणून वही ठेवा: अल्बम, वर्ष, कोण काय वाजवतंय, आणि मिनिट.

एका बैठकीत तबकडीची एकच बाजू लावा, वीस-पंचवीस मिनिटं. बोलायचं ते आधी किंवा नंतर. आता पेटीवाल्यांनी पांढरी दोनचा सा धरून ठेवावा, भाता हलका चालवावा. पाचवं आवर्तन सुरू झालं की मी हात वर करीन, तेव्हा काळी दोनला जा.