आधी समुद्र वजा करा

(पहाट. भाट्याचं सुरूबन. तिपाईवर डेसिबल मीटर, माईकवर स्पंजाची काळी टोपी.)

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला हे सुरूबन. एका अंगाला पावसचा रस्ता, दुसऱ्या अंगाला समुद्र. इथे मोजायचाय या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आणि धूर. सकाळचे सहा. रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी मीटर आकडा दाखवतोच. लाटांचा, आणि सुरूच्या सुयांतून घुमणाऱ्या वाऱ्याचा.

म्हणून इथली नोंदवही गाड्यांपासून नाही, भरती-ओहोटीच्या कोष्टकापासून सुरू होते. ऐन भरतीला मोजलंत तर समुद्राचा गोंगाट गाड्यांच्या नावावर पडेल. वाहनवाले हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

(रस्ता. पहिली एसटी, मागोमाग टेम्पो.)

समजा, नुसत्या समुद्राचे ६० डेसिबल भरले आणि रस्ता जागा झाल्यावर ६३. तीनचाच फरक? डेसिबलची बेरीज आपल्या पाढ्यांची नव्हे. ६० आणि ६० मिळून होतात ६३. म्हणजे गाड्यांनी समुद्राएवढाच आवाज केलाय. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा मर्यादा आहे ५५ची.

(हवेचं यंत्र. नळीच्या तोंडाशी दवाचा थेंब.)

हवेतही समुद्र लुडबुडतोच. लेझरवर चालणारं स्वस्त यंत्र कणांवर पडलेल्या प्रकाशावरून धूळ मोजतं. दमट हवेत मिठाचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि यंत्र त्यांनाही धूळ समजतं. म्हणून हवा किंचित तापवून, सुकवून आत घ्यायची. तरी मीठ उरतंच. त्यापेक्षा नायट्रोजन डायऑक्साइड बघावा. तो लाटांतून येत नाही, जळणातून येतो. त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम.

(झाडाला बांधलेली रिबन समुद्राकडे फडफडते.)

सकाळी वारा मतलई, जमिनीवरून समुद्राकडे. रस्त्याचा धूर सरळ बनात, फिरायला आलेल्यांच्या नाकात. छाती भरून शुद्ध हवा घ्यायला येतात बिचारे! दहा-अकराच्या सुमारास रिबन फिरते. खारा वारा सुटला. बनातला आकडा उतरतो आणि वाटतं, हवा सुधारली. धूर तेवढाच आहे. आता तो रस्त्यापलीकडच्या घरांत शिरतोय. तिथे यंत्र नाही.

(संध्याकाळ. सायलेन्सर बदललेली मोटरसायकल फटफटत जाते. मीटरचा आकडा उसळतो. पेन वहीवर.)

"६:४०. ओहोटी. वारा पश्चिमेचा. मोटरसायकल एक. हॉर्न दोनदा, समोर कोणी नसताना."