भरीत, केळी आणि गेल्या वर्षीच्या बिअर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘गेल्या वर्षातल्या माझ्या आवडत्या बिअर’. ‘आवडत्या’पर्यंत अक्षरं चांगली ठळक आहेत, ‘बिअर’ मात्र चष्मा काढून, जवळ धरून वाचावं लागतं. आयोजकांची अडचण मी समजू शकतो. म्हणून आधीच सांगतो, टेबलावरच्या तांब्यात पाणीच आहे. सभागृहात कोणी २१ वर्षांखालचं असेल तर त्याने हे नुसतं ऐकावं आणि विसरून जावं. बाकीच्यांनीही लक्षात ठेवावं की आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून जिवंत आहे, प्यायला परवाना लागतो. आपल्यापैकी नंदुरबारकडच्यांना तर हे जास्तच ठाऊक. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटाच्या एका टोकाला जे चालतं ते दुसऱ्या टोकाला गुन्हा होतं.

मी ना ब्रूअर, ना विक्रेता. नोकरीतून मोकळा झालो, मुलगी पुण्यात असते, तिच्याकडे जाणं-येणं असतं. महाराष्ट्र एक्सप्रेस जळगावहून थेट पुण्याला नेते, आणि पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाल्यापासून मायक्रोब्रूअरी नावाचा प्रकार रुजलाय. जिथे प्यायची तिथेच मागच्या टाक्यांत बनवायची, असा तो मामला. तिथून मला हे वेड लागलं.

गेलं वर्षभर एका गोष्टीने माझी निवड ठरवली. ती गोष्ट म्हणजे आपला उन्हाळा. बिअर हा शेतमाल आहे. मोड आणून वाळवलेले जव, हॉप्सची फुलं, यीस्ट आणि पाणी. तिला ऊन सोसत नाही, हवा सोसत नाही, वय तर अजिबात सोसत नाही. हवेतला प्राणवायू आत राहिला की काही महिन्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. गोदाम जितकं तापतं तितकी ही क्रिया वेगाने होते, दर दहा अंशांमागे दुपटीच्या आसपास धरा. भुसावळात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पत्र्याच्या गोदामात आत काय होत असेल? आणि हिरव्या बाटलीवर सूर्यप्रकाश पडला की हॉप्समधल्या कडू घटकांपासून गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याला उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच हे बऱ्यापैकी अडवते. कॅन तर पूर्णच.

मी दुकानात बाटली आडवी करून तारीख शोधतो तेव्हा काउंटरमागचा पोरगा हसतो. मागे एकदा म्हणाला, “आबा, दारूला कसली एक्स्पायरी?” व्हिस्कीपुरतं त्याचं खरं आहे. बिअरपुरतं नाही. कॅनच्या बुडाशी किंवा बाटलीच्या मानेवर बारीक ठिपक्यांत तारीख असते, बर्फाच्या पाण्याने अर्धी पुसलेली. अंगठ्याने पाणी पुसायचं, उजेडाकडे धरायचं. तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्यायची. नसेल तर सोडा प्यावा. माझं आजचं सगळं बोलणं याच एका नियमावर उभं आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आता बिअरकडे येऊ. वर्षातली सगळ्यात जास्त आनंद देणारी कोणती, तर हेफेवाइझन, म्हणजे जर्मनीच्या बव्हेरियातली गव्हाची बिअर. निम्मा किंवा त्याहून जास्त गहू, ढगाळ, पिवळसर. पुण्यात टॅपवर मिळते, आणि एकदा एका स्नेह्याने वाइहेनश्टेफानरची बाटली आणली. ही ब्रूअरी फ्रायझिंगला आहे आणि स्वतःची सुरुवात १०४० सालापासून सांगते. ५.४ टक्के अल्कोहोल. ती ओतायची एक रीत आहे. ग्लास तिरका धरून बहुतेक बाटली हळू ओतायची, तळाशी बोटभर ठेवायची, मग बाटली गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवायचं आणि ते वरून सोडायचं. त्या क्षणी नाक ग्लासापाशी न्या.

काय येतं? केळी! रावेर-सावद्याकडची मंडळी इथे बसली आहेत. केळी पिकवायच्या खोलीचं दार चौथ्या दिवशी उघडलं की जो वास अंगावर येतो, तोच. उपमा म्हणून नाही सांगत, रेणूच तो आहे. आयसोअमिल अ‍ॅसिटेट. पिकत्या केळ्यात तो फळ स्वतः तयार करतं, बिअरमध्ये यीस्ट करतं. त्यात केळ्याचा कणही नसतो. त्याच्या मागोमाग लवंग येते, तीही यीस्टचीच करामत. आंबवताना तापमान जरा चढं ठेवलं की केळी पुढे येतात, उतरतं ठेवलं की लवंग. म्हणजे ब्रूअरच्या हातात थर्मोस्टॅटचा एक खटका असतो आणि त्यावर आपल्या जिल्ह्याचं पीक कमी-जास्त होतं. ज्या जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या माणसाने ही बिअर पिऊन गप्प बसायचं म्हणजे अवघड आहे. पुण्यात टॅपमागच्या मुलीला मी म्हणालो, “ताई, आज तुमची केळी जरा जास्त पिकलीत.” ती बिचारी ग्लास बदलून द्यायला निघाली. मी तक्रार करत नव्हतो.

उन्हाळ्यातली निवड वेगळी. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची ‘सॉल्टेड कोकम एल’. जर्मनीत गोझ नावाची जुनी आंबट-खारट बिअर आहे, गोस्लार गावात जन्मलेली, पुढे लाइपझिगमध्ये वाढलेली. तीत मीठ आणि धणे घालतात. त्याच घाटाची ही बिअर, कोकम घातलेली. कोकम कोकणाचं, आपल्याकडे किराणा दुकानातूनच येतं, त्यामुळे जिव्हाळ्याचा प्रश्न नव्हता. पण मे महिन्यात घशाला काय लागतं ते खानदेशी माणसाला कोणी शिकवायला नको. आंबट आणि मीठ. आपण लिंबाच्या सरबतात साखरेबरोबर मिठाची चिमूट टाकतो ती उगीच नाही. फक्त एक, ही पाण्याला पर्याय नाही. उन्हातून आल्यावर आधी दोन तांबे पाणी, मग संध्याकाळी ही.

लागर, म्हणजे थंडीत हळू आंबवून मुरवलेली बिअर, तिच्याबद्दल थोडक्यात. १८४२ साली आजच्या चेकियातल्या पिल्झेनला योझेफ ग्रोलने सोनेरी पिल्सनर बनवली, आज जगभर जी पिवळी बिअर विकली जाते ती तिच्याच वंशातली. चांगली, ताजी पिल्सनर मला पुण्यात क्वचित मिळाली. कारण चवीचं नाही, हिशेबाचं आहे. एल, म्हणजे उबेत लवकर आंबणारी बिअर, दोन-तीन आठवड्यांत टाकीबाहेर पडते, लागरला थंडीत मुरायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. छोट्या ब्रूअरीत टाकी अडली की पैसा अडला.

आणि आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. इथे काहीजण माझ्यावर रागावतील. पुण्या-मुंबईचे तरुण हिच्यासाठी जीव टाकतात. हॉप्स भरपूर, कडवटपणा भरपूर, इतिहासही भरपूर. लंडनच्या हॉजसनच्या बो ब्रूअरीची पेल एल जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात यायची, हॉप्समुळे ती टिकायची. ‘खास हिंदुस्थानासाठी शोध लावला’ ही पुढे रंगवलेली कथा, तशा एल इंग्लंडात आधीपासून होत्या. माझं भांडण इतिहासाशी नाही. हॉप्सचा सुगंध हाच आयपीएचा प्राण, आणि उष्णतेने पहिल्यांदा तोच उडतो. आपल्यापर्यंत कॅन पोचेतो मागे उरतो कडूपणा. त्यात आपलं जेवण तिखट. तिखटावर कडू हॉप्स आणि बुडबुडे पडले की जिभेची आग वाढते. शेवभाजीबरोबर एकदा घेऊन बघा, डोळ्यांतून पाणी येईल आणि दोष बिचाऱ्या मसाल्याला जाईल.

आता भरताकडे येतो, कारण पहिल्या रांगेतून मघापासून खुणा चालल्या आहेत. भाच्याने जर्मनीहून श्लेंकेर्लाची ‘राउखबिअर’ आणली होती. बांबेर्ग शहरातली, धुराची बिअर. माल्ट, म्हणजे मोड आलेले जव, वाळवताना खाली बीच झाडाची लाकडं जाळतात, धूर दाण्यात शिरतो. पूर्वी बऱ्याच ठिकाणी माल्ट लाकडाच्या जाळावरच वाळायचं, त्यामुळे बिअरला थोडाफार धूर असायचाच. पुढे कोक आणि गरम हवेच्या भट्ट्या आल्या, धूर गेला, बांबेर्गात मोजक्या लोकांनी तो राखला. तिथले लोक म्हणतात, पहिल्या ग्लासात ही कळत नाही.

हिवाळा होता. आसोद्याची वांगी, पांढरट हिरवी, लांब, कमी बियांची. शेतात पऱ्हाट्यांचा जाळ. साल पार काळी पडून फुटेपर्यंत भाजली, सोलली, लाकडी दांड्याने ठेचली. तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वर कांद्याची पात. बाजूला कळण्याची भाकरी. भाचा म्हणाला, मामा, धुराला धूर, याहून चांगली जोडी जगात नाही. मलाही तसंच वाटत होतं.

नाही जमलं. पहिला घास, पहिला घोट, आणि वांग्याचा गोडवा कुठच्या कुठे गेला. दोन धूर एकमेकांच्या अंगावर गेले, आणि बीचचा धूर जास्त दांडगा निघाला. शेजारी बसलेल्या एका काकांनी घोटभर चाखून विचारलं, “हाई काय शे भाऊ, चुलीतलं पानी?” मग आम्ही भरीत बाजूला सरकवलं आणि ज्वारीचे बिबडे तळून आणले. साधे, तीळ घातलेले. आता ती बिअर उलगडली. आत माल्टचा गोडवा होता, भाजलेल्या कणसासारखी खमंग चव होती. भरताबरोबर मात्र साधी गव्हाची बिअर बरी, धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट तर फारच बरी. ती धुराच्या वाटेला जात नाही.

काळ्या बिअरबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. काळी म्हणजे कडक, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. आयर्लंडची काळी गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के आहे. आपल्या परमिट रूममध्ये ‘स्ट्राँग’ म्हणून जी पिवळी मागवतात ती आठ टक्क्यांपर्यंत जाते. रंग भाजलेल्या जवांचा असतो, नशेशी त्याचं नातं नाही. डिसेंबरात आपल्याकडे रात्री बोचरी थंडी पडते तेव्हा स्टाउट, म्हणजे गिनेससारखी काळी बिअर, मला आवडते, आणि ती फार थंड पिऊ नये.

गिनेसवरून शेवटचा मुद्दा. नायजेरियाने १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या ब्रूअरींना ज्वारी-मक्याकडे वळावं लागलं. तिथली गिनेस ज्वारीवर आली आणि खपत राहिली. आफ्रिकेत ज्वारीची बिअर तर पिढ्यान्‌पिढ्या घरोघर बनते. मग आपली दादर ज्वारी का नको? हा प्रश्न मी पुण्यातल्या एका ब्रूअरला विचारला. त्याने अडचणी सांगितल्या, त्या खऱ्या आहेत. ज्वारीच्या पिठूळ भागाला शिजायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते, आणि त्या उष्णतेला साखर करणारी विकरं मरतात, म्हणून ज्वारी वेगळी शिजवून मग मिसळावी लागते. शिवाय मळणी केलेल्या ज्वारीला जवासारखं टरफल नसतं. जवाचं टरफल टाकीत गाळणीचं काम करतं. नुसती ज्वारी घेतली तर तळाशी लापशी होऊन बसते, गळतच नाही.

पण तो म्हणाला, तिसरा हिस्सा ज्वारी आणि बाकी जव घेऊन लहान टाकीत करून बघू. दादर निघाली, मळणी झाली की मी एक पोतं पाठवायचं ठरलंय. चोपड्याकडची की अमळनेरची, यावर घरात दोन तट पडले आहेत, आणि पोत्याचं भाडं कोणी भरायचं ते पुण्याशी अजून ठरायचंय.