खरे नाणे, खोटी खूण

पडद्यावर दिसणारे हे तांबूस रंगाचे छोटे नाणे 1909 सालचे, एका अमेरिकी सेंटचे आहे. दर्शनी बाजूला अब्राहम लिंकन यांचे मुखचित्र आहे आणि मागच्या बाजूला, गव्हाच्या दोन ओंब्यांच्या देठांपाशी, व्ही. डी. बी. ही शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. नाणे ऑगस्टमध्ये चलनात आले आणि कलावंताने सरकारी नाण्यावर आपले नाव इतके ठळक कोरावे काय, असा गहजब उडाला. काही दिवसांतच ती अक्षरे काढून टाकण्यात आली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत अशी 4,84,000 नाणी पाडून झाली होती, तर फिलाडेल्फियात त्यांच्या कितीतरी पट. दोहोंत फरक एवढाच, की सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर सालाखाली ‘एस’ हे चिमुकले अक्षर असते.

त्या एका अक्षराला आज मोठा भाव आहे, आणि म्हणूनच फिलाडेल्फियाच्या अस्सल नाण्यावर ते चिकटवण्याचा उद्योग गेली कित्येक दशके चालू आहे. नाणे खरे, साल खरे, धातू खरा; खोटी असते ती केवळ खूण. भिंगाखाली अक्षराचा पायथा पाहिला तर अस्सल नाण्यात धातू सपाटीतून सलग वर आलेला दिसतो, नकलेत मात्र बारीक सांध्याची रेषा आढळते. शिवाय या नाण्यांसाठी वापरलेले दर्शनी ठसे अवघे चार असल्याने अक्षराच्या जागाही ठरलेल्या आहेत. भलत्या जागी बसलेला ‘एस’ जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

नव्या नक्षींबद्दल संग्राहक कुरकुर करतात, तिच्यामागे केवळ जुन्याची ओढ नसते. अमेरिकेने 1999 ते 2008 या काळात दरवर्षी 5 याप्रमाणे 50 राज्यांची पाव डॉलरची नाणी काढली, तेव्हा असंख्य लोक सुट्ट्या पैशांतून नाणी वेचू लागले. पण 2010 ते 2021 दरम्यान आणखी 56 नक्षी आल्या आणि संच पुरा करण्याची हौस अनेकांना ओझे वाटू लागली. ब्रिटनमध्ये 2009 साली लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातील पॅगोड्याचे चित्र असलेले 50 पेन्सचे नाणे केवळ 2,10,000 इतकेच पाडले गेले. पुढे 2019 साली तीच नक्षी संग्राहकांच्या संचासाठी पुन्हा वापरण्यात आली. साल वेगळे असल्याने जाणत्यांचे काही बिघडत नाही, परंतु घाईने खरेदी करणारा मात्र सहज फसू शकतो.

किमतींची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तेथे संग्राहकाची गाठ थेट धातूच्या बाजाराशी पडते. जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या घरात गेली आणि चांदीची नाणी ढिगांनी वितळवली गेली. परिणामी कोणत्या सालची किती नाणी पाडली हे टांकसाळीची वही सांगते, उरली किती हे सांगत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये सोन्याने औंसाला 4,000 डॉलरचा टप्पा ओलांडल्यावर साध्या सुवर्णनाण्यांचा भावही मुख्यतः वजनावर ठरू लागला.

भाव चढले तसा विश्वास नाण्यावरून डबीवर सरकला. पीसीजीएस ही संस्था 1986 साली आणि एनजीसी 1987 साली सुरू झाली. त्या नाणे तपासतात, 1 ते 70 या मापात प्रत ठरवतात आणि ते प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देतात. पासष्ट आणि सहासष्ट यांतला फरक नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतो, तरी किमतीत तो कधी कधी कैक पटींचा असतो. हे पाहता माणसे नाणे विकत घेतात की वरची चिठ्ठी, असा प्रश्न पडतो. आता तर डब्याही बनावट येतात, त्यांवर अस्सल नोंदणी क्रमांकही छापलेला असतो. तेव्हा नुसता क्रमांक जुळवून भागत नाही. संस्थेकडे छायाचित्र असेल तर त्यातला प्रत्येक ओरखडा हातातल्या नाण्याशी ताडून पाहावा लागतो. स्वस्त नाण्यांना एवढेही संरक्षण नसते, कारण तपासणीचे शुल्कच त्यांच्या किमतीहून जास्त होते. नकली नाणी पाडणाऱ्यांनीही हे हेरले असून सामान्य, कमी किमतीच्या नाण्यांच्या नकलाही ते बाजारात आणत आहेत.