मणी, कडं आणि एक चिन्ह

[दृश्य: टेबलावर तारेचं उभं कडं, खाली मोटर. तारेत ओवलेला पितळी मणी.]

कड्याची त्रिज्या १० सेंटिमीटर. तारेला तेलाचा हात फिरवलेला, मणी अडकू नये म्हणून. मोटर सुरू होते आणि कडं स्वतःच्या उभ्या व्यासाभोवती फिरू लागतं. मिनिटाला ६० फेरे, मणी तळाशीच. ८० फेरे, तरी तळाशीच. १०० झाल्यावर कड्याला हलकी टिचकी मारली, की मणी एका बाजूनं वर सरकतो, थोडा हेलकावतो आणि तळापासून २६-२७ अंशांवर थांबतो. १३४ फेऱ्यांना तो ६० अंशांवर पोचतो.

एमएस्सीच्या क्लासिकल मेकॅनिक्समध्ये हा मणी बहुतेकांना भेटतो. बीएस्सीच्या सवयीनं बलांची आकृती काढायला बसलं, तर तार मण्याला दोन दिशांनी रेटताना दिसते: एक केंद्राच्या रेषेत, दुसरी कड्याच्या प्रतलाला लंब. दोन्ही बलं अज्ञात, आणि आपल्याला दोन्ही नकोच आहेत. गणितज्ञ लाग्रांजनं १७८८ साली मांडलेल्या पद्धतीत ती समीकरणात येतच नाहीत. ही पद्धत लॅग्रांजियनवरून, म्हणजे गतिज वजा स्थितिज ऊर्जेवरून, गतिसमीकरण काढते.

आधी कोऑर्डिनेट मोजायचे. इथे एकच, तळापासूनचा कोन थीटा. कडं किती वळलं हे मोटरनं ठरवलेलं आहे: ओमेगा, म्हणजे कड्याचा फिरण्याचा वेग, गुणिले वेळ. मग गतिज ऊर्जा, आणि इथे घाई करू नये. मण्याला तारेवरून सरकण्याचा वेग आहे, तसाच कड्याबरोबर गोल फिरण्याचाही. या फिरण्याची त्रिज्या म्हणजे कड्याची त्रिज्या आर नव्हे, तर आर साइन थीटा, म्हणजे अक्षापासूनचं अंतर.

हे दुसरं पद राहून गेलं, तर उत्तर साध्या लोलकाचं येतं. आणि फसगत अशी, की ओमेगा शून्य ठेवून तपासलं तर हे चुकीचं उत्तरही बरोबरच वाटतं. म्हणून दुसरं टोकही तपासावं: ओमेगा खूप मोठा केला, तर मणी ९० अंशांच्या जवळ जायला हवा.

[फळ्यावर समीकरण उमटतं.]

थीटा डबल डॉट (कोनाचं त्वरण) बरोबर, कंसात ओमेगा वर्ग कॉस थीटा वजा जी (गुरुत्वत्वरण) भागिले आर, कंस पूर्ण, गुणिले साइन थीटा. मणी स्थिर राहायचा तर एक तर साइन थीटा शून्य हवा, नाहीतर कॉस थीटा बरोबर जी भागिले आर ओमेगा वर्ग. कॉस एकाच्या वर जात नाही. त्यामुळे ओमेगा सेकंदाला किमान ९.९ रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे ९५ फेरे, झाल्याशिवाय मणी वर टिकत नाही. त्यापुढे तळ अस्थिर होतो. पण अगदी तळाशी साइन थीटा शून्यच असतो, म्हणून ती टिचकी.

आता हॅमिल्टोनियन, म्हणजे लॅग्रांजियनवरूनच काढायची, ऊर्जेसारखी राशी. सवयीनं लिहिलं जातं: गतिज अधिक स्थितिज ऊर्जा. इथे ते चूक आहे, कारण बंधनातच वेळ शिरलेली आहे. रीतसर काढलं, तर फिरण्याचं पद वजा चिन्हानं येतं. घर्षण सोडलं तर हा हॅमिल्टोनियन अक्षय राहतो, एकूण ऊर्जा मात्र राहत नाही. मणी वर जाताना मोटर त्यावर काम करते.

[ॲनिमेशन: मोटर नाहीशी होते. कडं मोकळं, वजन नगण्य.]

मोटर काढली की ओमेगा ठरलेला राहत नाही. ठरलेला राहतो उभ्या अक्षाभोवतीचा कोनीय संवेग. इथली चूक हुशार विद्यार्थीही करतात: संवेगातून फिरण्याचा वेग काढायचा आणि सरळ लॅग्रांजियनमध्ये घालायचा. समीकरणं नेटकी सुटतात, पण प्रभावी विभवातल्या (फक्त थीटाच्या गतीसाठी जी स्थितिज ऊर्जेसारखी वागते त्या राशीतल्या) पदाचं चिन्ह उलटतं आणि मणी तळाकडे ओढला जातो. खरं तर त्या पदात साइन वर्ग थीटा छेदात आहे, त्यामुळे तळाशी भिंत उभी राहायला हवी. तो वेग आधी गतिसमीकरण काढून मगच त्यात घालावा; नाहीतर लॅग्रांजियनमधून संवेग गुणिले फिरण्याचा वेग वजा करून राउथियन तयार करावा, म्हणजे चिन्ह जागेवर येतं.

[ॲनिमेशन: मणी खाली घसरतो. अक्षाजवळ येतो तसं कडं वेगानं गरगरतं. तळाला पोचण्याआधीच मणी थबकतो आणि परत वर जातो.]