फ्रेंचच्या वर्गात मराठीलाही बसू द्या

[दृश्य : शनिवारची सकाळ. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं, न्यू मरीन लाइन्सचा रस्ता, थिऑसॉफी हॉल.]

निवेदन :

शनिवारी सकाळी चर्चगेटला ऑफिसची गर्दी कमी आणि वह्या-पुस्तकं घेतलेली माणसं जास्त दिसतात. त्यातली बरीचशी न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलकडे वळतात. तिथे आलियाँस फ्रांसेझ आहे. फ्रेंच भाषा जगभर शिकवण्यासाठी 1883मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या संस्थेची ही मुंबईतली शाखा. पण मुंबईत फ्रेंच एवढ्यावरच थांबत नाही. कालिन्याला विद्यापीठाच्या रानडे भवनात फ्रेंचचा विभाग आहे. दादरला, ठाण्याला, बोरिवलीला खासगी क्लास आहेत. आणि अकरावीला 'स्कोअरिंग' म्हणून मराठी सोडून फ्रेंच घेणारी मुलं तर घरोघरी आहेत.

यांतल्या कुणालाही विचारा, अवघड काय जातं? उत्तर बहुतेक एकच येतं : ग्रामर जमतं हो, लिसनिंगला मार खातो.

[दृश्य : दादरचा एक क्लास. बाई श्रुतलेखन घालतायत.]

बाई एक वाक्य सांगतात. 'इल पार्ल.' तो बोलतो. मग पुन्हा, 'इल पार्ल.' ते बोलतात. कानाला काडीचाही फरक नाही. कागदावर मात्र दुसऱ्या वाक्यात कर्त्याला एक एस लागतो आणि क्रियापदाच्या शेवटी ई, एन, टी अशी तीन अक्षरं येतात, आणि ती तिन्ही मुकी. कुठलं लिहायचं ते मागचापुढचा संदर्भ ऐकून ठरवायचं. मागच्या बाकावरच्या मुलीची वही पाहा. समासात तिनं पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहून ठेवलेत : बोकू, वाझो, लेझामी. यातल्या 'वाझो'चं, म्हणजे पक्ष्यांचं, मूळ स्पेलिंग सात अक्षरांचं आहे आणि त्यातलं एकही अक्षर आपल्या सुट्या उच्चाराला जागत नाही. आपण लहानपणापासून जसं दिसतं तसं वाचत आलो. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ सोडला तर देवनागरीनं आपल्याला फारसं फसवलेलं नाही. त्यामुळे हा धक्का आपल्याला जरा जास्तच बसतो.

त्यात बोलण्याची गती. पुस्तकात 'झ न से पा' असं चार शब्दांचं वाक्य असतं, मला माहीत नाही या अर्थाचं. पॅरिसमधला माणूस सर्रास 'शेपा' म्हणून मोकळा होतो. शब्द एकमेकांत मिसळतात, आधीच्या शब्दाचं मुकं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं. संधी आपल्याला नवी नाही, पण ती आपण संस्कृतच्या तासाला कागदावर सोडवली, चालत्या बोलण्यात पकडली नाही.

मुंबईकराची भाषा शिकण्याची रीत खरं तर कानाची आहे. हिंदी आपण बसस्टॉपवर शिकलो, गुजराती शेजारच्या बिऱ्हाडातून. व्याकरणाचं पुस्तक कुणी उघडलंच नाही. फ्रेंच मात्र आपल्यापर्यंत कागदावरून येते, कान फार उशिरा कामाला लागतात. अवघडपणाचं हे पहिलं कारण.

दुसऱ्या कारणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते म्हणजे मधली इंग्रजी.

[दृश्य : फळा. विद्यार्थी एकेक शब्द वाचतायत.]

फ्रेंचमधला 'त' हा आपल्या 'त'सारखा दंत्य आहे. प, त, क हे तिन्ही हवा न सोडता, अगदी मराठीसारखे म्हणायचे. म्हणजे टेबलाला 'ताब्ल'. पण वर्गात दहातले आठजण 'टाब्ल' म्हणतात, कारण रोमन टी दिसला की इंग्रजी शाळेनं लावलेला 'ट' तोंडात येतो. जिभेवर असलेला नेमका वर्ण बाजूला ठेवून आपण चुकीचा उच्चार कष्टानं शिकतो. मला याचं फार वाईट वाटतं.

फ्रेंचमधल्या अनुनासिक, म्हणजे नाकातून निघणाऱ्या, स्वरांचंही तसंच. प्रमाण मराठीतून ते जवळजवळ गेले. 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्यातूनही काढले. पण लालबाग-परळच्या मालवणी घरांत आजही 'खंय गेल्लंस' ऐकू येतं. त्या 'खंय'मध्ये हवा नाकातून कशी जाते ते ज्याला ठाऊक आहे, त्याला 'बाँ' आणि 'व्हाँ' यांच्या निम्म्या वाटेपर्यंत आजीनंच आणून सोडलेलं असतं.

सगळेच उच्चार असे हाताशी नाहीत. घशातला फ्रेंच 'र' वेगळाच आहे, तो घोटावाच लागतो. आणि फ्रेंच 'तू' या सर्वनामातला स्वर आपल्याकडे नाहीच. ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची ठेवली की तो निघतो. तो चुकला तर 'रस्ता' म्हणायचा असतो आणि 'चाक' म्हटलं जातं. यासाठी आरसा घेऊन बसावं लागतं, आणि बसावं.

पण व्याकरण! इथे आपल्या हातात काय आहे ते ऐका.

फ्रेंचमध्ये 'ती गेली' म्हणताना भूतकाळी रूप स्त्रीलिंगी होतं. इंग्रजीच्या वाटेनं येणाऱ्याला हे विचित्र वाटतं, नियम पाठ करावा लागतो. आपण रोज तेच करतो : तो गेला, ती गेली, मी गेलो, मी गेले. पुढचा नियम तर भल्याभल्यांना घाम फोडतो. सकर्मक क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलायचं, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं असेल तरच. आता मराठी पाहा. मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली. लिहिणारा तोच, पण क्रियापद ऐकतं कर्माचं, आणि आपलं कर्म एरवीही क्रियापदाच्या आधीच बसतं. 'मी लिहिलेली चिठ्ठी' हे फ्रेंचमध्ये 'ला लेत्र क जे एक्रीत'. चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी 'त' ऐकू येतो. शब्द पुल्लिंगी असता तर नुसतं 'एक्री'. दोन्ही भाषांचे नियम तंतोतंत एक नाहीत, पण ज्या जाणिवेवर ते उभे आहेत ती आपल्या बोलण्यात आहे. हा धडा वर्गात शिकवला जातो तो मात्र इंग्रजीतून, म्हणजे जिला ही जाणीवच नाही अशा भाषेतून.

लिंगं पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. समुद्राचंही तसंच. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं हे आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो. ऐंशी म्हणजे चार वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार वीस सतरा. फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीनं सांगतात, त्यामुळे लिहून घेताना तारांबळ उडते. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत. पण गावाकडे 'पाच विसा शंभर' ऐकलेल्यांना विसांचा हिशेब परका नाही.

[दृश्य : लोकलचा डबा. कानात इअरफोन घातलेली एक नर्स, मांडीवर सराव-पुस्तिका.]

आता हौसेपलीकडची गोष्ट. कॅनडाने मे 2023मध्ये एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे कायम राहायला जाणाऱ्यांची निवड करणाऱ्या योजनेत, फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड जाहीर केली आणि मुंबईतल्या क्लासेसमध्ये वेगळीच घाई आली. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी हवी. तिच्या जवळपासच्या, युरोपीय मोजपट्टीवरच्या बी टू या लेव्हलपर्यंत साधारण 560 ते 650 तासांचं शिक्षण धरतात. आठवड्याला सहा तास मिळाले तर दोन वर्षं. नोकरी, शिफ्ट आणि लोकल सांभाळून. सहा महिन्यांत फ्रेंच, अशी जाहिरात जो करतो तो या माणसांच्या पैशांशी आणि आशेशी खेळतो.

यासाठी द्यायच्या टेफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेत तोंडी परीक्षेचे दोन भाग असतात. पहिल्यात अनोळखी माणसाला जाहिरातीबद्दल विचारायचं, तिथे 'व्हू', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'. दुसऱ्यात मित्राला एखादी गोष्ट पटवायची, तिथे 'तू'. मनात इंग्रजी चालू असलेला उमेदवार पाच मिनिटांत दोन्हींची खिचडी करतो. तोच उमेदवार बँकेतल्या साहेबांना चुकूनही 'तू' म्हणणार नाही.

फ्रेंच आणि मराठी यांची आमनेसामने गाठ पूर्वीही पडली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं मराठीच्या जडणघडणीचा इतिहास फ्रेंचमध्ये लिहिला, आणि मराठीच्या अभ्यासकांना तो आजही टाळता येत नाही. गी दल्युरी या फ्रेंच अभ्यासकानं वारीचा अभ्यास केला, तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. तिकडून ही वाट चालली गेली आहे.

इकडून चालण्यासाठी काय हवं, ते साधं आहे. पहिले काही आठवडे वही बंद ठेवून फक्त ऐकायचं आणि म्हणायचं. 'ताब्ल'चा त मराठी त आहे हे पहिल्याच दिवशी सांगायचं. भूतकाळ आला की फळ्यावर इंग्रजी वाक्याच्या जागी 'मी चिठ्ठी लिहिली' लिहायचं. दादरच्या त्या बाईंनी या बॅचपासून ते सुरू केलंय.