नेतृत्वाचं मोजमाप

[दृश्य: राऊ–पीथमपूर रस्ता. टेकडीवर आयआयएम, इंदूर.]

इंदूरच्या मराठी घरांत प्राध्यापकीला मान आहे. पण ‘नेतृत्व हा विषय शिकवतो’ म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांसमोर स्टेजवरचं भाषण येतं. भाषणं असतात, पण ती उशिरा. आधी पीएचडी: दोनेक वर्षं संख्याशास्त्र, मानसशास्त्र, संशोधनपद्धती, मग सर्वंकष परीक्षा, प्रबंधाचा आराखडा. त्यानंतर साहेबांचं नेतृत्व मोजायला याच रस्त्याने पुढे, पीथमपूरच्या कारखान्यांत.

[दृश्य: कारखान्याचं गेट. शिफ्ट सुटते आहे.]

साहेबालाच विचारलं, तर प्रत्येक साहेब उत्तम असतो. म्हणून प्रश्नावली हाताखालच्यांनी भरायची. नेतृत्वाचे अभ्यासक बर्नार्ड बास आणि ब्रूस अव्होलियो यांची प्रश्नावली जगभर चालते: ४५ विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण. काम बिघडतं ते वाटपात. एचआरवाला शिफ्ट सुटताना फॉर्म देतो, सुपरवायझर शेजारीच उभा; घरी जायच्या घाईत सगळ्या खुणा ३ आणि ४ वर. तो गठ्ठा सरळ रद्दीत. फॉर्म संशोधकाने स्वतः वाटावेत, बंद पाकिटात परत घ्यावेत. नाव नको, फक्त गटाचा क्रमांक.

दुसरी चूक जास्त चोरटी. साहेब कसा आहे आणि काम कसं चाललंय, हे एकाच माणसाला एकाच बैठकीत विचारलं, की खुशीतला माणूस दोन्हीकडे भरघोस गुण देतो आणि नसलेला संबंध आकड्यांत दिसू लागतो. चांगली नियतकालिकं असा निबंध परत पाठवतात. म्हणून कामाचा हिशेब रजिस्टरमधून घ्यायचा: रिजेक्ट झालेले नग, गैरहजेरी. शिवाय एका सुपरवायझरची १० माणसं म्हणजे १० स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. माणसं कितीही असोत, गट निदान ३०-४० तरी हवेत.

परदेशी मापांत नीट न बसणारंही काही आपल्याकडे आहे. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास मांडलेला नेता वडीलकीने जपतो, पण ही माया काम करणाऱ्यालाच मिळते. माणूस तयार झाला, की लगाम सैल होतो.

[दृश्य: प्रशिक्षणवर्ग.]

प्रोफेसर होईपर्यंत कंपन्यांची बोलावणी सुरू होतात. पैसा त्यात आहे, आणि शोधनिबंध रखडतात तेही त्यापायीच. वर्गात मॅनेजरसमोर दोन आकडे ठेवतात: त्याने स्वतःला दिलेले गुण आणि हाताखालच्यांची सरासरी. उत्तरं तिघांपेक्षा कमी जणांची असतील, तर सरासरी दाखवायचीच नाही. नाहीतर कुणी काय लिहिलं, हे साहेबाला लगेच कळतं.