हंगामी मॅनेजरला कायम करावं का?

नमस्कार श्रोतेहो.

फुटबॉल क्लबने मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, काढलं, त्याच्या जागी सहायकाला किंवा एखाद्या जुन्या खेळाडूला तात्पुरतं बसवलं आणि त्याने लागोपाठ चार सामने जिंकले. पाचव्या सामन्याची शिट्टी वाजायच्या आत चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, 'आणखी काय बघायचंय? कायम करून टाका.' दुसरा म्हणतो, 'जरा दम धरा, याने आधी कुठे काय केलंय?' यातला थांबा म्हणणारा तट बहुतेक वेळा बरोबर असतो, पण त्याचं कारण चुकीचं असतं. माणसाचं नाव लहान आहे म्हणून थांबायचं नसतं. ते चार निकाल फारसं काही सांगत नाहीत, म्हणून थांबायचं असतं.

आपला 'हंगामी' हा शब्द इथे छान बसतो. तात्पुरता असाही अर्थ निघतो आणि हंगाम संपेपर्यंतचा असाही. इंग्लंडमध्ये यात दोन प्रकार मानतात, केअरटेकर आणि इंटरिम, जरी बोलताना लोक दोन्ही शब्द सर्रास मिसळतात. केअरटेकर म्हणजे घरातलाच माणूस, नवा येईपर्यंत गाडा हाकणारा. रूड फान निस्टलरॉयने २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडचे चार सामने सांभाळले, तीन जिंकले, एक बरोबरीत सुटला, आणि रुबेन आमोरिम आल्यावर तो बाहेर पडला. इंटरिम म्हणजे ठरावीक मुदतीसाठी आणलेला. २००९ मध्ये गुस हिडिंक रशियाच्या राष्ट्रीय संघाची नोकरी न सोडता चेल्सीत आला, एफए कप जिंकून दिला आणि ठरल्या वेळी परत गेला. तो राहावा असं चाहत्यांना वाटत होतंच, पण तारीख आधीच ठरलेली असल्यामुळे वाद चिघळला नाही. वाद चिघळतो तो तारीख मोघम ठेवली की.

आता सगळ्यात गाजलेलं उदाहरण घेऊ. १८ डिसेंबर २०१८ रोजी मँचेस्टर युनायटेडने जोझे मोरिन्योला काढलं आणि दुसऱ्या दिवशी ओले गुनार सोल्शायरला हंगाम संपेपर्यंत आणलं. पहिले आठच्या आठ सामने त्याने जिंकले. आकडा भारी आहे, पण ते आठ सामने कोणाशी होते ते पाहा. पहिला कार्डिफशी, ५-१. दुसरा हडर्सफील्डशी, ३-१. हे दोन्ही संघ त्याच हंगामात खालच्या श्रेणीत गेले. मग बोर्नमथ, न्यूकॅसल, ब्रायटन, सगळे तळाच्या अर्ध्यातले. कपमधलं रेडिंग तर दुसऱ्या श्रेणीतलं. खरे अवघड सामने दोनच, आर्सेनल आणि टॉटनहॅम. टॉटनहॅमविरुद्ध १-० जिंकले खरे, पण त्या दिवशी गोलकीपर डे हेआने अकरा फटके अडवले होते. गोलकीपरला अकरा वेळा हात घालावा लागला, तर बचावाची घडी बसली असं कोणी म्हणू नये.

मग ६ मार्च २०१९ ची पॅरिसची रात्र आली, चॅम्पियन्स लीगमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनशी दुसरा सामना. पहिला सामना घरच्या मैदानावर ०-२ हरून आलेला संघ, दहा खेळाडू जखमी किंवा निलंबित. दुसऱ्याच मिनिटाला पॅरिसच्या केररने मागे दिलेला पास आखूड पडला आणि लुकाकूने गोल केला. अर्ध्या तासाला रॅशफर्डचा लांबून मारलेला फटका बुफॉनच्या हातातून निसटला, पुन्हा लुकाकू. मधल्या वेळात चेंडू बहुतेक पॅरिसकडेच. भरपाई वेळेत डालोचा गोलाच्या वरून जाणारा फटका किम्पेम्बेच्या हाताला लागला, रेफ्रीने बाजूच्या पडद्यावर तो प्रसंग पुन्हा पाहिला आणि पेनल्टी दिली. रॅशफर्डने ती मारली, ३-१. दोन्ही सामने मिळून ३-३, पण परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून युनायटेड पुढच्या फेरीत. तिन्ही गोलांच्या मुळाशी समोरच्या खेळाडूची चूक किंवा नशीब होतं. पण अशा रात्री हे कोण मोजतं? त्याच रात्री रिओ फर्डिनंड टीव्हीवर म्हणाला की कॉन्ट्रॅक्ट टेबलावर ठेवा आणि आकडा त्यालाच लिहू द्या.

२८ मार्चला तीन वर्षांचा करार झाला. तोवर १९ सामन्यांत १४ विजय होते. त्यानंतर हंगामातले दहा सामने उरले होते, त्यातले युनायटेडने दोन जिंकले. शेवटचे दोन सामने नेमके हडर्सफील्ड आणि कार्डिफशीच आले. डिसेंबरमध्ये ज्यांना तीन आणि पाच गोल मारले होते, त्यांतल्या एकाशी १-१ आणि दुसऱ्याकडून घरच्या मैदानावर ०-२. संघ सहावा आला.

सोल्शायर वाईट मॅनेजर होता असा याचा अर्थ नाही. पुढच्या दोन हंगामांत संघ तिसरा आणि दुसरा आला, युरोपा लीगची फायनल पेनल्टी शूटआउटमध्ये ११-१० अशी हातची गेली, आणि मग नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डकडून ४-१ हरल्यावर त्याची नोकरी गेली. म्हणजे माणूस निवडणं एक वेळ समजू शकतं. मार्चमध्ये निवडणं मात्र समजत नाही. मे महिन्यापर्यंत थांबले असते तर हातात १९ ऐवजी २९ सामने असते, आणि तो कुठे जाणारही नव्हता.

चार-पाच निकालांवर भरवसा का ठेवायचा नाही? साधा हिशोब करू. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी धरा, म्हणजे नाणं उडवण्यासारखी. पाच सामन्यांचे निकाल ३२ प्रकारे लागू शकतात. त्यातल्या सहा प्रकारांत चार किंवा पाचही विजय येतात. म्हणजे मॅनेजरने काहीही न बदलता, नुसत्या योगायोगाने, पाचपैकी किमान चार सामने जिंकण्याची शक्यता जवळजवळ १९ टक्के. त्यात आधीचा मॅनेजर गेलेला असतो तो संघ अगदी तळाला असताना. दोन फटके खांबाला लागलेले, एक पेनल्टी हुकलेली, कर्णधार जखमी. हे सगळं तसंही कधीतरी फिरतंच. नेदरलँड्सच्या पहिल्या श्रेणीतल्या १९८६ ते २००४ या काळातल्या निकालांचा अभ्यास बास टेर वील या अर्थतज्ज्ञाने केला. घसरणीनंतर मॅनेजर बदललेले क्लब सावरले, पण तशाच घसरणीनंतर मॅनेजर न बदललेले क्लबही सावरले.

म्हणून गुणांच्या आधी एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, बघावेत. प्रत्येक फटक्याला तो जिथून आणि जसा मारला त्यावरून किंमत देतात. पेनल्टी साधारण पाऊण गोलाची, पंचवीस यार्डांवरून मारलेला फटका काही शतांशांचा. केलेल्या संधींची बेरीज वजा दिलेल्या संधींची बेरीज. हा फरक आधीच्या मॅनेजरच्या शेवटच्या दहा सामन्यांत किती होता आणि हंगामीच्या दहा सामन्यांत किती आहे, हे शेजारी शेजारी ठेवा. पेनल्टी वेगळ्या काढा, नाहीतर दोन पेनल्टी सगळं चित्र रंगवून टाकतात. गुण वाढले पण हा फरक जागचा हलला नाही, तर फटके आत जातायत आणि गोलकीपर तापलाय, एवढंच कळतं.

पण हंगामी मॅनेजर काहीच करत नाही असंही नाही. त्याच्या हातात दिवस किती असतात ते बघू. शनिवार, बुधवार, शनिवार असे सामने असतील तर रविवारी पूर्ण सामना खेळलेले फक्त सायकल, पोहणं, मालीश एवढंच करतात, राखीव खेळाडू मैदानावर येतात. सोमवारी हलकं काम, फार तर तासभर रचना. मंगळवारी कॉर्नर आणि फ्री किक. बुधवारी सामना. म्हणजे पूर्ण जोमाचं सत्र जवळजवळ नाहीच. एवढ्यात तीनच गोष्टी बदलता येतात. बचावाची रांग दहा यार्ड मागे घेणं, कॉर्नरला कोण कोणाला धरणार हे ठरवणं, आणि आधीच्याने कोपऱ्यात टाकलेल्या खेळाडूला परत आणणं. सोल्शायरने पॉल पोग्बाला परत मध्यावर आणलं ते या तिसऱ्या प्रकारातलं. हा बदल झटपट फळ देतो, कारण त्याला सराव लागत नाही, नुसतं संघाच्या यादीत नाव लिहावं लागतं.

जे बदलता येत नाही ते म्हणजे प्रेसिंग, चेंडू समोरच्याकडे असताना सगळ्यांनी मिळून चाल करून तो हिसकावणं. त्यात दहा जणांनी एकाच इशाऱ्यावर निघायचं असतं. समोरच्या सेंटरबॅकने चेंडू कच्च्या पायावर घेतला की स्ट्रायकर झेप घेतो आणि त्याच क्षणी मागचा मिडफिल्डर आपला माणूस सोडून वर सरकतो. तो अर्धा सेकंद उशिरा निघाला की मधल्या फटीतून पास जातो आणि चार जण चेंडूच्या पुढे अडकतात. हे बसायला प्री-सीझन, म्हणजे हंगामाआधीचे सरावाचे आठवडे, लागतात. हंगामाच्या मध्यावर जोर करून बसवायला गेलं आणि धावण्याचं ओझं एकदम वाढलं, तर मांडीच्या मागचे स्नायू आधी बोलतात. म्हणून शहाणा हंगामी मॅनेजर त्या वाटेला जात नाही. आणि कायमच्या मॅनेजरला मात्र नेमकं तेच करायचं असतं.

मग तडकाफडकी कायम का करतात? कारणं आहेत. उन्हाळ्यातल्या खरेदीची बोलणी वसंतातच सुरू होतात, आणि येणारा खेळाडू पहिला प्रश्न विचारतो, 'मॅनेजर कोण असणार?' करार संपत आलेले खेळाडू सही करत नाहीत. ड्रेसिंग रूममध्ये ज्याला बसवून ठेवलंय तो म्हणतो, 'हा तर मे महिन्यात जाणार.' स्पेनमध्ये तर नियमच आडवा येतो. हंगामी म्हणून दोनच आठवडे ठेवता येतं. रेआल माद्रिदने २०१८ मध्ये सांतियागो सोलारीला तसं बसवलं. त्याने चारपैकी चार सामने जिंकले, मुदत संपली म्हणून १३ नोव्हेंबरला २०२१ पर्यंतचा करार झाला, आणि पुढचाच सामना एइबारकडे ०-३ गेला. मार्चमध्ये आयाक्सने माद्रिदमध्येच ४-१ हरवलं आणि सोलारी गेला.

रोबेर्तो दी मात्तेओचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे, तरी एक गोष्ट निसटते. मार्च ते मे २०१२ मध्ये त्याने चेल्सीला एफए कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. पण लीगमध्ये संघ सहावा होता. कपात एकेका सामन्यापुरता आडोसा उभा करता येतो, लीगच्या ३८ सामन्यांत त्याची फट दिसते. युरोपचा कप हातात असलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? नोव्हेंबरमध्ये त्यालाच काढलं.

हांझी फ्लिकच्या बाबतीत बायर्न म्युनिकने काम नीट केलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये फ्रँकफुर्टकडून १-५ हरल्यावर नीको कोवाच गेला, सहायक फ्लिक बसला. डिसेंबरमध्ये सांगितलं, हंगाम संपेपर्यंत तू. एप्रिल २०२० मध्ये २०२३ पर्यंतचा करार. पायरी पायरीने, आणि प्रत्येक पायरीची तारीख सगळ्यांना माहीत. त्याच हंगामात त्यांनी बार्सेलोनाला ८-२ हरवून तिहेरी मुकुट मिळवला. विशेष म्हणजे फ्लिकच्या बायर्नने पहिल्या पाच आठवड्यांतच लीगचे दोन सामने लागोपाठ हरले होते. थांबायचं ठरवलेलं असलं की असे दोन पराभवही पचतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर खालिद जमील. २०२०-२१ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, नॉर्थईस्ट युनायटेडने ११ सामन्यांत १२ गुणांवर असताना प्रशिक्षक बदलला. खालिदने साखळीतल्या उरलेल्या नऊपैकी सहा जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि संघाला सेमीफायनलला नेलं. मग त्याला कायम केलं, आयएसएल क्लबचा पहिला कायमचा भारतीय मुख्य प्रशिक्षक. पुढच्या हंगामात तोच संघ अकरात दहावा आला. पण मधल्या काळात संघातले किती खेळाडू बदलले तेही बघावं लागतं. २०२५ मध्ये तोच माणूस भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. एका वाईट हंगामाचा पुरावाही चार विजयांइतकाच अपुरा असतो.

राहिला 'मोठं नाव नाही' हा आक्षेप. लिओनेल स्कालोनीला २०१८ मध्ये अर्जेंटिनाने हंगामी बसवलं तेव्हा त्याने मुख्य प्रशिक्षक म्हणून मोठा संघ सांभाळलेलाच नव्हता. पुढे कोपा अमेरिका, विश्वचषक, परत कोपा. गॅरेथ साउथगेटने इंग्लंडचे हंगामी म्हणून चार सामने खेळवले, दोन विजय, दोन बरोबरी. या आकड्यांवर कोणी मिरवणूक काढली नसती, तरी त्याला नेमलं, कारण एकवीस वर्षांखालच्या संघातलं त्याचं काम फेडरेशनने जवळून पाहिलं होतं. याउलट इंग्लंडचाच हंगामी ली कार्सली याने २०२४ मध्ये सहापैकी पाच जिंकले, पण चौथ्या सामन्यानंतरच थॉमस टुखेलची नेमणूक जाहीर झालेली होती. राष्ट्रीय संघात हे सोपं जातं, कारण तिथे खेळाडू विकत घ्यायचे नसतात.

तुमच्या आवडत्या क्लबमध्ये हा वाद पेटला असेल तर पुढच्या सामन्यात तीन वेळा नीट बघा. पहिल्यांदा संघ ०-१ मागे पडल्यावर. हंगामी मॅनेजरचे विजय बहुतेक लवकर गोल करून मागे बसण्यातून आलेले असतात, मागे पडल्यावर त्याच्याकडे दुसरा डाव आहे का ते तेव्हा कळतं. दुसऱ्यांदा साठाव्या मिनिटाच्या आसपास, पहिला बदल करताना. तो थकलेल्याच्या जागी त्याच जागेचा खेळाडू घालतोय की रचना बदलतोय? तिसऱ्यांदा, एकदा हरवलेल्या संघाशी पुन्हा गाठ पडेल तेव्हा. त्यांनी मधल्या काळात व्हिडिओ पाहिलेला असतो. आणि क्लबच्या संचालकांनी मुलाखतीत जिंकलेल्या सामन्यांबद्दल एकही प्रश्न विचारू नये. विचारावं ते एवढंच, की जुलैत यातले कोणते चार खेळाडू तुला नको आहेत, त्यांच्या जागी कसे हवेत, आणि प्री-सीझनच्या सहा आठवड्यांत आठवडागणिक काय शिकवणार. या तिन्हींवर तो 'बघू, मुलं चांगली आहेत' एवढंच म्हणाला, तर आठपैकी आठ जिंकलेले असले तरी ऑर्डर काढायची घाई करू नये.